टाळ्यांना बंदी, हुर्योलाही

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या रूमवर गेलो होतो. त्यानं हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि हे ऐकच, म्हणत समोर बसला. एक बाई धड गात नव्हती, धड बोलतही नव्हती. दोन्हींच्या मधलं काहीतरी चाललं होतं. मागे पियानो, बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, सगळे आपापल्या वाटेनं निघालेले. पंधरा मिनिटं झाली. मित्र माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. मग मी हळूहळू मान डोलवायला लागलो. शेवटी हेडफोन काढले आणि जबरदस्त आहे, असं सांगून टाकलं. जबरदस्त असेलही. मला त्यातलं काहीही आवडलं नव्हतं.

तुमचंही असं कधीतरी झालं असणार. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये, एखाद्या प्रायोगिक नाटकाला, कुणाच्या तरी प्लेलिस्टवर. समोरची गोष्ट मोठी आहे हे कळत असतं, पण मजा येत नाही. आणि मजा येत नाही हे चारचौघांत कबूल करायची हिंमतही होत नाही.

मी ऐकलं होतं ते आर्नोल्ड शोनबर्गचं १९१२ सालचं ‘पिएरो लुनेर’. खोटं बोलल्याची टोचणी लागली म्हणून मी या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि जरा चपापलो. कारण माझ्यासारख्या डोलणाऱ्या माना या माणसानं आयुष्यभर पाहिल्या होत्या. विसाव्या शतकातल्या संगीताच्या कुठल्याही इतिहासात त्याचं नाव पहिल्या पाचात असतं. संगीत शिकणाऱ्या मुलांना त्याच्यावर प्रश्न येतो. पण घरी दमून आल्यावर, चहा करता करता सहज शोनबर्ग लावणारे किती? तो हयात असतानाही थोडेच होते. आणि त्याला ते मनापासून खुपत होतं.

१३ सप्टेंबर १८७४ला व्हिएन्नात, लिओपोल्डश्टाट या ज्यूंच्या वस्तीत त्याचा जन्म झाला. वडिलांचं जोड्यांचं दुकान. घरात गाण्याबजावण्याचं खास वातावरण नाही. आठव्या वर्षी व्हायोलिन हातात आलं, चेलो तो स्वतःच शिकला. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि पोराला बँकेत कारकुनी करावी लागली. संगीतरचना शिकायला पैसे कुठले? हप्त्याहप्त्यानं निघणाऱ्या एका ज्ञानकोशावर त्याचं शिक्षण चाललं होतं. ‘सोनाटा’ म्हणजे काय, ते कसं रचतात, हे कळायला एस अक्षराचा भाग कधी येतो याची वाट बघावी लागली. आपल्याला आता ट्युटोरियल दोन सेकंदांत मिळतं, तरी आपण ते ‘वॉच लेटर’मध्ये टाकून ठेवतो, ते जाऊ दे.

१८९५मध्ये बँक बुडाली, तेव्हा घरच्यांचे चेहरे पडले आणि हा खूश झाला. हौशी वादकांच्या एका ऑर्केस्ट्रात तो चेलो वाजवायचा. तिथल्या अलेक्झांडर झेमलिन्स्कीनं त्याला जे काही रीतसर शिकवलं तेवढंच. पुढे १९०१मध्ये त्यानं झेमलिन्स्कीच्याच बहिणीशी, माटिल्डशी लग्न केलं. पोट भरायला दुसऱ्यांच्या ऑपेरेटांची गाणी ऑर्केस्ट्रासाठी लिहून देणं, बर्लिनच्या कॅबरेत काम करणं हेही केलं. हलकंफुलकं, लोकांना नाचवणारं संगीत कसं बनतं हे त्याला नीट माहीत होतं. पुढे जे केलं ते काही जमत नव्हतं म्हणून नव्हे.

१८९९मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्यानं सहा तंतुवाद्यांसाठी ‘फरक्लेर्टे नाख्ट’ लिहिलं. चांदण्या रात्री चालणारे दोघं, तिच्या पोटात दुसऱ्याचं मूल, आणि ती ते त्याला सांगते, अशा एका कवितेवर बेतलेलं. आज ही रचना जगभर वाजते आणि ती आवडायला कुणाला कष्ट पडत नाहीत. पण तेव्हा व्हिएन्नातल्या एका संगीत संस्थेनं ती नाकारली. कारण त्यात एक अशी कॉर्ड होती, जी पुस्तकातल्या यादीत नव्हती!

त्यानंतर त्याचं संगीत हळूहळू घट्ट होत गेलं, थोडक्यात खूप काही सांगायला लागलं. १९०७च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात तीन-चार दिवसांच्या अंतरानं त्याच्या दोन नव्या रचना झाल्या आणि दोन्ही वेळा लोकांनी गोंधळ घातला. खुर्च्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या. गर्दीत गुस्ताव्ह माह्लर होता. शहरातला सगळ्यात वजनदार संगीतकार, ऑपेराचा संचालक. एकदा तो हुर्यो करणाऱ्याच्या अंगावर गेला, दुसऱ्यांदा उभं राहून, शेवटचा विरोधक बाहेर पडेपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. पण घरी गेल्यावर त्यानं बायकोजवळ कबूल केलं की मला हे संगीत कळत नाही. पण हा तरुण आहे, कदाचित त्याचंच बरोबर असेल. माह्लरच्या पत्नीनं हे पुढे लिहून ठेवलं आहे.

मला हा प्रसंग फार आवडतो. माह्लर खोटं बोलत नव्हता. आवडलं असं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. समजत नाही ते लिहायचा या पोराला हक्क आहे, एवढ्यासाठी तो उभा राहिला. वाखाणणी अशीही असते, प्रामाणिक. मी रूमवर केली ती वेगळी जात.

तिसरी जात रिचर्ड स्ट्राउसची. शोनबर्ग कफल्लक असताना, १९०२च्या सुमारास, त्यानं त्याला बर्लिनमध्ये नोकरी आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. नंतर माह्लरच्या नावानं निघालेल्या निधीतून मदत द्यायचा प्रश्न आला, तेव्हाही शिफारस केली. मात्र त्याच पत्रात, हा कागदावर स्वर खरडण्यापेक्षा रस्त्यावरचा बर्फ उपसेल तर बरं, अशा अर्थाचं लिहिलं. हे शोनबर्गच्या कानावर गेलंच. १९१४मध्ये स्ट्राउसच्या पन्नाशीनिमित्त दोन शब्द लिहा म्हणून त्याला विचारणा झाली, तेव्हा त्यानं साफ नकार कळवला.

आता मुळात त्या संगीतात एवढं काय होतं, ते बघू. आपल्याकडे गाणं सुरू व्हायच्या आधी तानपुरा लागतो. षड्ज मिळाला की कान निवांत होतो. गायक कुठेही भटकला तरी घर कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि समेवर, सा वर परत आल्याचं सुख त्यामुळेच मिळतं. युरोपातल्या संगीतात तानपुरा नसला तरी एक स्वर घराचा असतोच. शोनबर्गनं १९०८-०९च्या सुमारास ते घरच काढून टाकलं. तानपुरा बंद आणि पेटीवरच्या बाराही पट्ट्या, पांढऱ्या सात नि काळ्या पाच, सारख्याच मानाच्या. विसंवादी स्वरांनी संवादी स्वरांकडे धावत यायचं, ही सक्तीच संपली. अशा संगीतात पहिल्यांदा शिरलेला कान घर शोधत राहतो आणि थकतो. तो थकवा म्हणजे मूर्खपणा नव्हे. आयुष्यभर लागलेली सवय आहे ती.

ही वाट त्यानं धरली तो काळही सुखाचा नव्हता. १९०८मध्ये माटिल्ड रिशार्ड गेर्श्टल या तरुण चित्रकाराबरोबर निघून गेली, परत आली, आणि नोव्हेंबरमध्ये गेर्श्टलनं आत्महत्या केली. डिसेंबरमध्ये शोनबर्गची दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट झाली. शेवटच्या दोन भागांत चार वाद्यांच्या जोडीला एकदम गायिका येते. तेव्हाही सभागृहात हशा आणि आरडाओरडा झाला. मात्र १९११च्या जानेवारीत म्युनिकमध्ये हीच क्वार्टेट आणि त्याचे पियानोचे तुकडे झाले, तेव्हा श्रोत्यांत वासिली कांडिन्स्की बसला होता. तो घरी गेला आणि त्यानं चित्र काढलं. पिवळ्याचा मोठा लोंढा, वर पियानोचा काळा ठिपका, खाली झुकलेली माणसं. या माणसाला मजा आली होती, हे चित्र बघून कुणीही सांगेल. नेटवर शोधा, ‘इम्प्रेशन थ्री’.

मग आलं १९१३. या सालातले दोन दिवस शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

२३ फेब्रुवारी. व्हिएन्नात त्याचं ‘गुरेलीडर’ पहिल्यांदा झालं. प्रचंड ऑर्केस्ट्रा, गायक, समूहगायन, सगळा थाट. त्यातलं बरंचसं संगीत १९००-०१ सालातलं, घर असलेल्या जमान्यातलं. लोक वेडे झाले. उभे राहून ओरडत होते, काहींच्या डोळ्यांत पाणी. संगीतकार मंचावर आला, वादकांना आणि गायकांना वाकून नमस्कार केला आणि श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहिला. इतकी वर्षं ज्यांनी हुर्यो उडवली त्यांच्या टाळ्या त्याला नको होत्या. खरं सांगू? मला हे वाचून थोडा राग आला. त्या दिवशी रडलेली एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं संगीत ऐकत असेल. तिनं काय केलं होतं?

३१ मार्च, म्हणजे बरोबर ३६ दिवसांनी. म्युझिकफेराइनचं सभागृह, शोनबर्ग स्वतः संचालन करतोय. त्याचे शिष्य वेबर्न आणि बेर्ग, मेहुणा झेमलिन्स्की आणि तो स्वतः अशा चौघांच्या रचना, शेवटी माह्लर. बेर्गच्या गाण्यांपर्यंत येता येता मारामारी सुरू झाली. आयोजकांपैकी एकानं श्रोत्याच्या थोबाडीत दिली, पोलीस आले, माह्लर राहूनच गेला. प्रकरण कोर्टात गेलं. साक्षीला आलेल्या एका ऑपेरेटाकारानं, त्या संध्याकाळी ऐकलेल्यांपैकी सगळ्यात सुरेल आवाज त्या थपडेचाच होता, असं कोर्टाला सांगितल्याचं प्रसिद्ध आहे.

पहिल्या महायुद्धात चाळिशी ओलांडल्यावर त्याला सैन्यात जावं लागलं. तिथे एका अधिकाऱ्यानं विचारलं, तो वादग्रस्त शोनबर्ग तूच का? यानं उत्तर दिलं की कुणीतरी तो व्हायलाच हवा होता आणि कुणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो.

आणि युद्ध संपल्या संपल्या, नोव्हेंबर १९१८मध्ये, त्यानं जे केलं ते माझ्या मते त्याचं सगळ्यात भन्नाट काम. संगीतरचना नव्हे, एक मंडळ. ‘खासगी संगीत सादरीकरण मंडळ’ असं काहीसं त्याच्या नावाचं मराठी होईल. नियम ऐका. सभासदांनाच प्रवेश. आज काय वाजणार, हे आधी सांगणार नाही. म्हणजे अवघड नाव बघून कुणी दांडी मारायला नको आणि मोठं नाव बघून कुणी मिरवायला यायला नको. टीकाकारांना मज्जाव. टाळ्या वाजवायच्या नाहीत. हुर्योही करायची नाही. तालमी हव्या तितक्या, वादन चोख झाल्याशिवाय मंचावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रचना पुन्हा पुन्हा वाजणार. आपल्या संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ मिळतो तो आवडलं म्हणून. इथे आवडायची शक्यता तयार व्हावी म्हणून आधीच वन्स मोअर!

विचार करा, यानं नेमकं काय काढून टाकलं होतं. सभागृहात आपण संगीताबरोबर शेजाऱ्याला पण ऐकत असतो. तो टाळ्या वाजवतोय म्हणजे चांगलं असणार. तो उठून चाललाय म्हणजे आपण बसलो तर बावळट दिसू. टाळी गेली, शिट्टी गेली, पेपरातला उद्याचा अभिप्राय गेला, पोस्टरवरचं नाव गेलं. मग खुर्चीत उरतो फक्त कान. मान डोलवून दाखवायला समोर कुणी बघतच नाही.

मंडळाकडे पैसे नव्हते, युद्धानं शहराचं कंबरडं मोडलं होतं. मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नाही म्हणून माह्लरसारख्यांच्या रचना पियानोसाठी किंवा मूठभर वाद्यांसाठी बसवायच्या. द्युबुसी, राव्हेल, बार्टोक, रेगर, सगळे वाजले. पहिल्या दीडेक वर्षात शोनबर्गनं स्वतःची एकही रचना वाजवू दिली नाही. जेमतेम तीन वर्षांत ११७ कार्यक्रम झाले, त्यांत १५४ रचना एकूण ३५३ वेळा वाजल्या.

आणि या कडक मंडळानं पैसे उभे करायला काय केलं? २७ मे १९२१ला योहान स्ट्राउसच्या वॉल्ट्झची संध्याकाळ! (हा वर आलेला स्ट्राउस नव्हे, हा नाचाच्या सुरावटींचा बादशहा, लग्नाच्या हॉलमध्ये वाजणारा.) शोनबर्ग, बेर्ग आणि वेबर्न यांनी वॉल्ट्झ नव्यानं बसवले आणि स्वतः वाजवायला बसले. गुरू व्हायोलिनवर, वेबर्न चेलोवर, बेर्ग हार्मोनियमवर. नंतर त्या हस्तलिखितांचा लिलाव झाला. ज्यांना जग रूक्ष, गणिती म्हणायचं ती माणसं मनापासून ठेका धरून बसली आहेत, हे दृश्य डोळ्यासमोर आणून बघा. ऐकायलाही मिळतात हे वॉल्ट्झ. मस्त आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस महागाईनं मंडळ बंद पडलं.

याच सुमाराला त्यानं ती प्रसिद्ध बारा स्वरांची पद्धत काढली. बाराही स्वरांची एक ओळ ठरवायची, सगळे येऊन गेल्याशिवाय एकाचीही पाळी पुन्हा नाही. मग तीच ओळ शेवटाकडून वाचायची, आरशात धरल्यासारखी उलटवायची, आरशातलीही शेवटाकडून वाचायची. वाखाणणी करणाऱ्यांना हे म्हणजे घबाडच मिळालं. कारण आता ऐकायची गरज नाही, मोजलं तरी पुरे. दुसऱ्या बायकोचा भाऊ रूडोल्फ कोलिश (माटिल्ड १९२३मध्ये गेली, पुढच्या वर्षी त्यानं गेर्ट्रूड कोलिशशी लग्न केलं) स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होता. त्यानं एका क्वार्टेटमधली ओळ शोधून काढली आणि मोठ्या अभिमानानं मेहुण्याला कळवली. शोनबर्गनं १९३२मध्ये त्याला उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की एवढी मेहनत कशाला घेतलीस. ते कसं बनवलंय हे तू शोधलंस, ते काय आहे हे त्यातून कळत नाही. स्वयंपाकात जिरं किती, मोहरी किती हे मोजून आमटीची चव लागत नाही, असंच काहीसं.

बर्लिनच्या कला अकादमीत तो १९२५पासून मानाच्या जागेवर होता. १९३३मध्ये नाझी आले, ज्यूंना अकादमीत जागा नाही म्हणाले. तो पॅरिसला गेला. तरुणपणी सोडलेला ज्यू धर्म तिथे त्यानं विधिपूर्वक परत स्वीकारला आणि वर्ष संपायच्या आत अमेरिका गाठली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस. हॉलिवूड!

तिथले किस्से धमाल आहेत. एमजीएमचा बडा निर्माता अर्व्हिंग थालबर्ग ‘द गुड अर्थ’साठी संगीतकार शोधत होता. त्यानं शोनबर्गचं जुनं काहीतरी रेडिओवर ऐकलं होतं. भेट झाली, थालबर्गनं त्याच्या गोड संगीताची तारीफ सुरू केली आणि शोनबर्गनं तिथेच तोडलं, की मी गोड संगीत लिहीत नाही. मग अटी घातल्या. सिनेमातला सगळा आवाज माझ्या हातात हवा, नटांनी संवाद कुठल्या स्वरात बोलायचे तेही मीच ठरवणार. आणि ५० हजार डॉलर. अर्थातच काम मिळालं नाही.

टेनिसचं त्याला वेड. जॉर्ज गर्श्विनच्या कोर्टवर दोघं खेळायचे. एक, ज्याची गाणी अख्खी अमेरिका गुणगुणत होती. दुसरा, ज्याच्या नावानंच लोक घाबरायचे. गर्श्विननं त्याचं तैलचित्र काढलं, आणि १९३७मध्ये गर्श्विन अकाली गेला तेव्हा शोनबर्गनं रेडिओवरून त्याला आदरांजली वाहिली. चारजणांनी खेळायचं बुद्धिबळ त्यानं शोधलं होतं, मुलाची टेनिस मॅच कागदावर टिपून ठेवायला चिन्हंही बनवली होती. शिकायला आलेल्या जॉन केजकडे फी द्यायला पैसे नव्हते, तर त्याला फुकट शिकवलं. अट एकच, आयुष्य संगीताला द्यायचं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तो सत्तरीपर्यंत शिकवत होता. नोकरीची वर्षं थोडी भरल्यामुळे पेन्शन बसली महिन्याला ४० डॉलरच्या आसपास, घरात लहान मुलं. अर्धवट राहिलेला ऑपेरा पूर्ण करायला १९४५मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मागितली, मिळाली नाही. तो ऑपेरा अपुराच राहिला. नंतर विद्यापीठानं संगीताच्या इमारतीला त्याचं नाव दिलं. आदर असा असतो कधीकधी.

थालबर्गला गोड नाही म्हणून फटकारणारा हाच माणूस १९४७मध्ये एका कंडक्टरला पत्रात लिहितो की लोकांनी मला जरा बरा चायकोव्हस्की समजावं, माझ्या सुरावटी त्यांना पाठ व्हाव्यात आणि त्यांनी त्या शिट्टीवर वाजवाव्यात, याशिवाय मला दुसरं काही नको. दोन्ही माणसं एकच कशी? मला वाटतं, गोड म्हटलं की त्याला स्वस्तात सुटका झाल्यासारखं वाटायचं, आणि थोर म्हटलं की दूर ढकलल्यासारखं. त्याला मधलं काहीतरी हवं होतं, आणि ते मागायची पद्धत त्याला शेवटपर्यंत जमली नाही. व्हिएन्नात ते हातात आलं होतं, तेव्हा त्यानं पाठ फिरवली होती.

एकदा मात्र मिळालं, आणि तेही अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९४७मध्ये त्यानं ‘अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा’ लिहिलं, निवेदक, पुरुषांचा कोरस आणि ऑर्केस्ट्रा. ज्यूंच्या छळावरची सातेक मिनिटांची रचना, पूर्णपणे बारा स्वरांच्या पद्धतीतली. तिचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला नाही, बॉस्टनला नाही, तर न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की या आडगावी झाला, ४ नोव्हेंबर १९४८ला, हौशी कलाकारांच्या जिवावर. जागाही विद्यापीठाचा व्यायामशाळेचा हॉल. रचना संपली आणि मिनिटभर कुणी हललं नाही. मग कंडक्टरनं पूर्ण रचना पुन्हा वाजवली. तेव्हा कुठे टाळ्या झाल्या, आणि मग थांबेचनात. तीस वर्षांपूर्वीच्या मंडळाचा नियम त्या हॉलमध्ये कुणाला माहीत होता की नाही, कोण जाणे.

तेराच्या आकड्याची त्याला विलक्षण भीती होती. जन्म तेरा तारखेचा. ७६व्या वर्षी, कारण सात अधिक सहा तेरा, तो धास्तावून गेला होता. १३ जुलै १९५१, शुक्रवार. त्या रात्री तो गेला.

त्याचं संगीत तुम्ही ऐकलेलं नाही, असं वाटत असेल तर थांबा. बारा स्वरांची पद्धत पुढे सिनेमात शिरली. काळजाचा ठोका चुकवणाऱ्या प्रसंगांत ती चपखल बसते. त्याही आधी, १९४४मध्ये, ‘टॉम अँड जेरी’च्या संगीतकारानं, स्कॉट ब्रॅडलीनं, ‘पटिंग ऑन द डॉग’मध्ये ती वापरली. त्यात कुत्र्याचं खोटं डोकं अंगावर घेऊन उंदीर पळत सुटतो तो भाग काढून बघा. तिथे आपण हसतो. बारा स्वर मोजत बसत नाही.

रूमवरच्या त्या दिवसानंतर मी ‘पिएरो लुनेर’ आठ-नऊ वेळा ऐकलं. आता त्यातले तीन-चार तुकडे आवडतात, बाकीचे अजून नाहीत. वाद्यांची १९२४ सालची ‘विंड क्विंटेट’ मी अर्ध्यावर सोडली आणि तिच्याकडे परत जायची इच्छाही नाही. पण पियानोचे सहा छोटे तुकडे आहेत, ओपस १९. सगळे मिळून पाच-सहा मिनिटांचे. त्यातला सहावा फक्त नऊ मापांचा. एक कॉर्ड लागते, तिच्यावर दुसरी, दोन्ही हवेत तशाच राहतात, अगदी हळू, पुन्हा तेच, आणि शेवट श्वासाइतका. रात्री झोपताना मी तो लावायला लागलो, कितीतरी दिवस, कशाबद्दल आहे हे माहीत नसताना. दूर कुठेतरी घंटा वाजताहेत, एवढंच वाटायचं. मग एक दिवस तारीख वाचली. १७ जून १९११. माह्लर जाऊन महिना झाला होता. ज्याला कळत नसूनही तो टाळ्या वाजवत उभा राहिला होता, त्या पोरानं त्याच्यासाठी ही नऊ मापं लिहिली.

मित्राला मी आता तो सहावा तुकडा पाठवलाय. मत विचारलेलं नाही.